भट्टीवरची एकोणीस वर्षं

पेन्शन कचेरीचं तिसरं पत्र गुरुवारी आलं आणि शनिवारी हिवाळ्याच्या बरण्यांसाठी मिरच्या भाजायच्या होत्या. तेव्हा पत्राचं काय करायचं ते मिरच्यांबरोबरच ठरेल, असं रूमेनानं मनाशी धरलं होतं. या घरात काहीही ठरायचं ते अंगणात, आणि ठरवायचा तो ल्यूबेन.

अंगण एक होतं, घरं दोन. एकात ल्यूबेन आणि त्याची बायको स्तानका. दुसऱ्यात रूमेना, ल्यूबेनच्या धाकट्या भावाची, कामेनची विधवा. कामेनला जाऊन सात वर्षं झाली होती. त्याच्या दारावरचं निधनाचं पत्रक, फोटो आणि खाली चार ओळी, दर वर्षी नवं लागायचं, आणि त्या चार ओळी ल्यूबेनच लिहायचा. चिनी मातीच्या कारखान्यात तो चोवीस वर्षं माणसांच्या नोंदींचं खातं सांभाळत होता. कोण कधी लागलं, कोण कुठल्या विभागात गेलं, सगळं त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात. कारखाना बंद पडून पंधरा वर्षं झाली तरी गावात त्याला अजून ‘साहेब’ म्हणत.

“वाच बघू पुन्हा,” तो बिलियानाला म्हणाला. ऑपरेशन झालेला गुडघा त्यानं समोरच्या स्टुलावर ताणून ठेवला होता.

बिलियाना, रूमेनाची एकुलती एक लेक, इटलीहून तीन आठवड्यांसाठी आली होती ती याच कामाला. आईचं पेन्शन मार्गी लावल्याशिवाय परत जायचं नाही, असं विमानातच ठरवून आली होती. तीनपैकी दोन आठवडे कचेरीच्या बाकांवर गेले होते. तिनं हात पुसून पत्र उचललं.

“‘अर्जदाराची मूळ सेवापुस्तिका व संस्थेचे पगारपट नष्ट झाल्याचे अर्जदार सांगते. दुय्यम प्रतीसाठी त्याच काळात त्याच विभागात काम केलेल्या दोन साक्षीदारांचे जबाब, तसेच संस्थेचा शिक्का असलेला त्या काळातील किमान एक कागद सादर करावा.’ संपलं.”

“मागल्या खेपेला एकच साक्षीदार मागितला होता,” मिरच्या सोलता सोलता स्तानका म्हणाली. “पुढल्या खेपेला बाप्तिस्मा देणारा पाद्रीसुद्धा घेऊन या म्हणतील मेले.”

“तो तर केव्हाच मेला,” पत्र्याच्या चुलीपाशी उभा असलेला वेलिन म्हणाला. तो ल्यूबेन-स्तानकाचा मुलगा, नगरपालिकेत कारकून. “त्याच्याही मृत्यूच्या दाखल्यावर शिक्का लागेल.”

सगळी हसली. लाकडांचा धूर अंगणभर पसरला होता, तांबड्या मिरच्यांची सालं काळी पडून फुगत होती, आणि रूमेनाला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.

“साक्षीदारांची काळजी नको, रूमेना,” ल्यूबेन म्हणाला. “तुझ्या झिलईच्या खात्यातली पेंका आहे. दुसरी बघू कोणी. कागदाचं मात्र कठीण आहे. युनियनचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, काहीतरी असेल की घरात.”

“आईनं घर पालथं घातलंय, काका.”

“काय करणार, पोरी. कारखान्याच्या तळमजल्यात नळ फुटला तेव्हा मीच होतो ना तिथं. गुडघाभर पाणी. सगळ्यांच्या सेवापुस्तकांचा नुसता लगदा झाला होता. हातात धरावं तर बोटांतून सुटायचा.”

ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. रूमेनानं त्याच्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं. तिची त्याच कारखान्यातली नोकरी सव्वीस वर्षांची, आणि तिला पुरावा कसला तो नव्हता. एकसष्टाव्या वर्षी ती शाळेच्या पायऱ्या धूत होती. पण दर अर्ज ल्यूबेननं लिहून दिला होता. जिल्ह्याच्या गावी कचेरीच्या बोळात तो तिच्याशेजारी तासन् तास बसला होता. सख्खा भाऊ करणार नाही एवढं या दिरानं केलं, असं ती जिथंतिथं सांगायची.

“बरण्या संपल्या,” स्तानका म्हणाली. “तळघरातून मोठ्या आणायला हव्यात.”

“मी आणतो,” ल्यूबेननं पाय खाली घेतला.

“बसा गप! डॉक्टरनं जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय.”

“मी जाते,” रूमेना उठली.

“तू नको, रूमेना. अंधार आहे तिथं. पायऱ्या ओल्या आहेत.”

“भावजी, चार मजल्यांच्या पायऱ्या मी रोज धुते. तुमच्या आठ पायऱ्यांना काय भ्यायचंय?”

पुन्हा हशा झाला. ल्यूबेनही हसला, पण सगळ्यांच्या मागून.

एवढ्या वर्षांत रूमेना त्या तळघरात कधी उतरली नव्हती. बरण्या, वाइन, कोबीचं पिंप, जे लागेल ते ल्यूबेन स्वतः वर आणून द्यायचा. ‘बायकांनी ओझी उचलायची नाहीत,’ म्हणायचा. खाली दिवा लागत होता आणि पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या.

मोठ्या बरण्या खालच्या फळीवर, मागं होत्या. त्या ओढताना तिचा हात लाकडाला लागला. भिंतीला टेकवून तीन खोकी ठेवलेली होती, कारखान्याचा छाप असलेली. अशा खोक्यांत पूर्वी पेंढा घालून ताटं भरायची. आत एखादं मोठं ताट असेल तर बिलियानासाठी मागून घ्यावं, असं तिच्या मनात आलं आणि तिनं वरचं मेणकापड दूर केलं.

आत ताटं नव्हती. पुस्तकं होती. पातळ, करड्या पुठ्ठ्याची, कणा वर करून ओळीनं लावलेली, आणि मध्ये मध्ये अक्षरं लिहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे.

ती काय पाहते आहे ते तिला एकदम कळलं नाही. हाताला आलेलं पुस्तक तिनं उचललं. पेंकाचं. शेजारचं तिच्या खात्यातल्या मुकादमाचं, तो वारला त्याला नऊ वर्षं झाली होती. मग तिनं आपलं अक्षर शोधलं. मिळालं. पहिल्या पानावर तिची सही, विसाव्या वर्षीची, पहिलं अक्षर उगाच मोठं काढलेलं.

कामेनचं पुस्तक तिच्या पुस्तकाला लागूनच होतं, आडनावामुळे. ते तिनं उभ्याउभ्याच उघडलं.

‘भट्टी विभाग. पहिली श्रेणी.’ एकोणिसशे एकोणऐंशीपासून कारखाना बंद पडेपर्यंत. एकोणीस वर्षं.

पहिली श्रेणी म्हणजे घातक काम. ती नोंद असली तर माणूस लवकर पेन्शनीत निघतो. या एका ओळीसाठी कामेन तीन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता. ‘तू भट्टीवर होतास कशावरून? पहारेकरीही असशील,’ असं एका मुलीनं खिडकीतून त्याला सुनावलं होतं. भट्टीच्या धुळीनं त्याची छाती भरली होती. जिना चढताना तो दोनदा थांबायचा. तरी पिठाच्या गिरणीत पोती उतरवायला जायचा, कारण दुसरं काही मिळत नव्हतं. त्रेपन्नाव्या वर्षी त्या पोत्यांपाशीच तो बसला, तो उठला नाही.

ओळीखाली शिक्का होता. शिक्क्याखाली ल्यूबेनची सही.

रूमेनानं पान बोटांत धरून पाहिलं. कोरडं होतं. पाण्याचा एक डाग नव्हता.

तिनं दोन पुस्तकं एप्रनच्या खिशात घातली. मग चार बरण्या घेतल्या, दोन दोन करून, आणि वर आली. बरण्या स्तानकाच्या हातात दिल्या. आपल्या जागेवर बसली आणि मिरची सोलायला घेतली. एक सोलली, दुसरी सोलली, तिसरी तशीच पातेल्यात टाकली.

“अगं, बिया काढ की!” स्तानका ओरडली. “लक्ष कुठंय तुझं?”

“भावजी,” रूमेना म्हणाली, “कामेनचं पुस्तक कोरडं आहे.”

कुठलं पुस्तक, असं ल्यूबेननं विचारलं नाही. तळघरातून वर येईपर्यंत रूमेनाला वाटत होतं, याला काहीतरी कारण असेल, त्यालाही ठाऊक नसेल, दुसऱ्या कोणी ठेवलं असेल. त्यानं नुसतं विचारलं असतं, ‘कुठलं पुस्तक?’, तरी ती आणखी थोडा वेळ तसं मानून चालली असती.

“काय झालं? कसलं पुस्तक?” बिलियाना म्हणाली.

रूमेनानं दोन्ही पुस्तकं टेबलावर, सालींच्या ढिगाशेजारी ठेवली. बिलियानानं आधी आईचं उघडलं आणि ती आनंदानं किंचाळलीच. “आई! मिळालं? कुठं होतं गं?”

“खाली. तीन खोकी आहेत. सगळ्यांची आहेत, अक्षरवार लावलेली.”

वेलिनच्या हातातला चिमटा खाली पडला. चुलीवरच्या मिरच्या जळायला लागल्या, पण कोणी हाललं नाही.

“एकशे शहाऐंशी,” ल्यूबेन म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, कचेरीतला. “त्यानं मला जाळायला सांगितली होती.”

“कोणी?” स्तानकानं विचारलं.

“नव्या मालकानं. सोफियाहून आला होता तो. माणसांचा पेन्शनचा विमा त्यानं भरलाच नव्हता. पुस्तकं आणि पगारपट राहिले असते तर लोक कोर्टात गेले असते. मला म्हणाला, साहेब, संध्याकाळपर्यंत इथं एक कागद दिसता कामा नये. पगारपट मी जाळले. पुस्तकं नाही जाळवली माझ्याच्यानं. माझं अक्षर होतं त्यांत. ती घरी आणली आणि नळ...”

“नळ फुटला,” वेलिन म्हणाला.

“मी उघडून ठेवला.”

स्तानकानं सुरी खाली ठेवली. “पण जाळली तर नाहीत ना यांनी,” ती रूमेनाकडे न बघता म्हणाली. “दुसरा असता तर जाळून मोकळा झाला असता. यांनी जीव धोक्यात घालून ठेवली, हे पण बघा की.”

“ठेवली, काकू? कोणासाठी ठेवली?” बिलियाना उभी राहिली. “मालक पळून गेला तो दुसऱ्याच वर्षी! मग पंधरा वर्षं कसली वाट बघत होते हे? माझा बाप पोती वाहून मेला, राहायला अंगणाच्या पलीकडेच होता! मी इटलीत परक्यांच्या म्हाताऱ्यांचं हागमूत काढते, कारण माझ्या आईला हे म्हातारपणी उपाशी ठेवणार होते!”

“पहिल्या वर्षी भीती होती,” ल्यूबेन म्हणाला. “दुसऱ्या वर्षी लाज. मग कामेन आजारी पडला. त्याचं एकट्याचं काढून दिलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, बाकीची कुठं आहेत? मला वाटलं, अर्ज करून करून दुसऱ्या वाटेनं होईल काम. मी प्रयत्न केला, रूमेना. तू बघितलंस. मी खरंच प्रयत्न केला.”

रूमेनाला ते बाक आठवले. बोळातली थंडी, त्यानं आणून दिलेली कागदी पेल्यातली कॉफी.

“काका,” बिलियाना एकाएकी हळू आवाजात म्हणाली, “तुमचं पुस्तक कुठं होतं?”

ल्यूबेननं गुडघ्यावरून हात फिरवला.

“तुम्ही बारा वर्षं पेन्शन घेताय. पुस्तकाशिवाय तर मिळत नाही ना? मी दोन आठवडे हेच ऐकतेय.”

“ते मी आधीच घरी आणलं होतं,” तो म्हणाला.

हे स्तानकालाही नवं होतं. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस कोण हे तिला कुणी सांगायला हवं होतं. मग तिनं विचारलं, “आणि माझ्या वासिल्काचं?”

वासिल्का तिची बहीण, तीही कारखान्यातलीच. अडुसष्ट वर्षांची, दर हिवाळ्यात भरलेल्या बसनं ग्रीसला जायची, ऑलिव्ह वेचायला.

“आहे,” ल्यूबेन म्हणाला.

“खाली?”

“खाली.”

“माझ्या पायाखाली?” स्तानका उठली. एप्रन सोडून तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि टेबलाला वळसा घालून रूमेनाशेजारी येऊन बसली. चाळीस वर्षांत दोघी जावा एका बाजूला बसल्याचं वेलिननं कधी पाहिलं नव्हतं.

तोच आता पुढं झाला. “ऐका,” तो म्हणाला. “जे झालं ते झालं. आता लोकांना पुस्तकं मिळणं महत्त्वाचं, की बाबांना तुरुंगात घालणं? कारखान्याचा ढिगारा उपसायचं काम नगरपालिकेकडेच आहे. खोकी तिथं सापडली, असं मी लिहून देतो. सोमवारी सगळी कचेरीत जमा. सगळ्यांची कामं होतील आणि कोणाचं नावही येणार नाही.”

“वा रे वा!” बिलियाना म्हणाली. “मी सरळ पोलिसांत जाते.”

“जा. पोलीस काय करतील ठाऊक आहे? पुरावा म्हणून तिन्ही खोकी सील करतील. खटला पाच वर्षं, दहा वर्षं. काकूंचं पुस्तक त्यात, सगळ्यांची त्यात. तुझं विमान कधी आहे?”

बिलियाना खाली बसली. वेलिन खोटं बोलत नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. “आई,” ती म्हणाली, “कदाचित... ढिगाऱ्यात सापडलं म्हटलं तरी चालेल. तुझं काम होतंय ना.”

सगळे रूमेनाकडे पाहू लागले. आजवर या अंगणात ठरवलेल्या कुठल्याही गोष्टीत तिला कोणी शेवटचं विचारलं नव्हतं.

तिनं कामेनचं पुस्तक जवळ ओढलं. “ढिगाऱ्यात सापडलं म्हटलं,” ती म्हणाली, “तर उद्या सारं गाव यांच्या पाया पडेल. साहेबांच्या मुलानं आमची पुस्तकं शोधून काढली म्हणून. कामेन असता तर तोही पडला असता. त्याला यांचं फार कौतुक होतं.” तिला दम लागला. “ढिगारा नाही आणि पोलीसही नाहीत. ज्याचं पुस्तक त्याच्या हातात. घरोघर. भावजी, तुम्ही स्वतः द्यायचं आणि कुठं होतं ते तुमच्या तोंडानं सांगायचं. जे मेले, त्यांच्या घरी जाऊन सांगायचं. मग ज्याला पोलिसांत जायचं तो जाईल.”

“काकू, त्यांचा गुडघा...” वेलिन म्हणाला.

“तू हातगाडी ओढ.”

“रूमेना,” ल्यूबेन म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “मला मारून टाकतील गं.”

“नाही मारणार. हात उचलायची ताकद राहिलीय कुणात?”

“सोमवारपासून जाऊ. आज नको.”

“आज,” स्तानका म्हणाली. जागा बदलल्यावरचा तिचा तो पहिला शब्द. “मिरच्या मी बघते.”

वेलिननं खाली जाऊन पहिलं खोकं वर आणलं. बापाकडे पाहायचं त्यानं टाळलं, पण खोकं हातगाडीवर ठेवल्यावर परत येऊन त्यानं बापाच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं. बिलियाना आणि रूमेना मागोमाग निघाल्या, बिलियाना आईचं पुस्तक छातीशी धरून.

पेंकाचं घर रस्त्याच्या पलीकडे, तिसरं. रस्त्यावर दर घरापुढं चुली पेटल्या होत्या. शनिवार सगळ्यांचाच होता. लोक हात वर करून ‘साहेब, गुडघा कसा आहे?’ विचारत होते. ल्यूबेन मान हलवत होता.

पेंका हाताला लागलेल्या काळ्या सालींसकट दारात आली. ल्यूबेननं पुस्तक पुढं केलं. तिनं ते लांब धरून पाहिलं, आपलं नाव वाचलं आणि तिचा चेहरा एकदम वितळला.

“साहेब!” तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि ओठांपाशी नेला. “तुम्ही मिळवलंत! एवढा पाय दुखत असताना! देव तुम्हाला शंभर वर्षं...”

ल्यूबेननं वळून रूमेनाकडे पाहिलं. रूमेना रस्त्यात उभी होती. तिला वाटलं, आता आपणच काहीतरी बोलू, त्याला सोडवू; वर्षानुवर्षांची सवय होती ती. तिनं दात घट्ट मिटले.

“पेंका,” ल्यूबेन पुटपुटला, “पुस्तक माझ्या तळघरात होतं. पंधरा वर्षं. मीच ठेवलं होतं.”

पेंका हसतमुखानं त्याच्याकडे बघत राहिली. झिलईचे दगड दळणाऱ्या पिंपांपाशी तिची वीस वर्षं गेली होती. कानांचं जे व्हायचं ते तिथंच झालं होतं.

“काय म्हणालात, साहेब?” तिनं कान पुढं केला. “मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाही.”

ल्यूबेननं डोळे मिटले. मग छाती भरून श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं. शेजारच्या अंगणातली बाई चिमटा हातात घेऊन कुंपणापाशी आली. पलीकडची दोन माणसं चुलीवरून उठली.

पेंकानं अजून त्याचा हात सोडला नव्हता. “पुन्हा,” ती म्हणाली.